हातात पाच पत्ते आणि समोरच्याची दहा मिनिटं: यु-गि-ओचा कॉम्बो डेक बांधतात तरी कसा

"मामा, हा एकटाच का खेळतोय?"

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा फोनवर मास्टर ड्युएल खेळत होता, तेव्हाचा हा प्रश्न. मास्टर ड्युएल म्हणजे यु-गि-ओ या जपानी पत्त्यांच्या खेळाचा फोनवरचा फुकटातला गेम, कोनामी कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये आणला. मीच त्याला सांगितलं होतं की अरे आमच्या लहानपणी टीव्हीवर लागायचं, भारी आहे, टाक. त्याने हौसेने डार्क मॅजिशियन, ब्लू-आयज वगैरे टीव्हीवरचे मॉन्स्टर भरून डेक, म्हणजे स्वतःची पत्त्यांची गड्डी, तयार केला, मॅच लावली, समोरच्याची पहिली पाळी आली आणि ती संपेचना. एक मॉन्स्टर आला, त्याने दुसरा आणला, दोघं मिळून तिसरा झाला, तिसरा मेला म्हणून चौथा उठला, असं पाच-सहा मिनिटं चाललं आणि शेवटी भाच्याची पाळी आली तेव्हा त्याने जो पत्ता टाकला तो तिथल्या तिथे रद्द. दुसरा टाकला, तोही रद्द. मग पोराने सरेंडर दाबलं आणि वर लिहिलेला प्रश्न विचारला.

तिशीतल्या अनेकांचं हेच झालंय, म्हणून म्हटलं एकदा नीट सांगून टाकू. तो समोरचा चीटिंग करत नव्हता आणि त्याचं नशीबही तुमच्यापेक्षा भारी नव्हतं, त्याने फक्त डेक वेगळ्या हिशोबाने बांधला होता, आणि तो हिशोब दहावीच्या गणिताच्या पलीकडचा नाहीये.

मुळात या खेळात काय नाही ते बघा

काझुकी ताकाहाशींची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ मध्ये सुरू झाली, कोनामीने १९९९ मध्ये जपानात पत्ते काढले आणि २००२ मध्ये ते अमेरिकेत पोचले. नियम थोडक्यात: प्रत्येकाला ८००० लाइफ पॉइंट, सुरुवातीला हातात ५ पत्ते, डेकमध्ये कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ६० पत्ते, एकाच पत्त्याच्या ३ पेक्षा जास्त प्रती नाहीत. शिवाय एक्स्ट्रा डेक नावाची जास्तीत जास्त १५ पत्त्यांची वेगळी गड्डी असते. ती पिसायची नाही, तिच्यातून ओढायचं नाही, अटी पूर्ण केल्या की त्यातला हवा तो मॉन्स्टर काढायचा.

आता महत्त्वाचं. मॅजिक नावाचा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांना जमिनीचे पत्ते लागतात, पोकेमॉनच्या पत्त्यांना एनर्जी लागते, म्हणजे मोठी चाल करायला आधी दोनचार पाळ्या पुंजी जमवायला लागते. यु-गि-ओत पुंजीच नाही! फक्त एक बंधन आहे, की हातातून साधेपणाने मॉन्स्टर उतरवणं, म्हणजे नॉर्मल समन, पाळीला एकदाच. पण एखाद्या पत्त्याच्या करामतीमुळे मॉन्स्टर उतरला तर ते स्पेशल समन, आणि त्याला मर्यादा नाही. दहा करा, वीस करा. कॉम्बोचा, म्हणजे एका चालीतून पुढची चाल काढत नेण्याचा, सगळा संसार या एका फटीतून उभा राहिलाय.

आणि ही फट वर्षानुवर्षं रुंदच होत गेली. एक्स्ट्रा डेकमध्ये आधी फक्त फ्युजन मॉन्स्टर असायचे, मग २००८ मध्ये सिंक्रो आले, २०११ मध्ये एक्सीझ, २०१७ मध्ये लिंक. मैदानावर कुठलेही दोन किरकोळ मॉन्स्टर पडले की त्यांचं काहीतरी मोठं करायचे मार्ग वाढत गेले. तुम्ही टीव्हीवर बघितलेला खेळ आणि आत्ताचा खेळ यात मधली वीसएक वर्षं आहेत, म्हणून तुमचा ब्लू-आयज बिचारा एवढा म्हातारा वाटतो.

एक्झोडियाचं स्वप्न

कार्टूनचा पहिलाच भाग आठवतोय? प्रतिस्पर्धी काइबाचे तीन ब्लू-आयज समोर उभे, आणि नायक युगी शेवटचा पत्ता ओढून एक्झोडियाचे पाचही तुकडे हातात जमवतो. पाच तुकडे हातात आले की तिथेच जिंकलात. "पत्त्यांवर विश्वास ठेव" वगैरे.

तर ४० पत्त्यांच्या डेकमधून ५ पत्त्यांचे हात किती प्रकारचे येऊ शकतात? ६,५८,००८. त्यातला फक्त एक हात पूर्ण एक्झोडियाचा. रोज दहा हात वाटून बसलात तर सरासरी एकशे ऐंशी वर्षांनी एकदा हा योग येणार, तेव्हा विश्वास ठेवा पण पणतवंडांनाही तसं सांगून ठेवा.

बरं, पाच पत्ते सोडा, दोनच घेऊ. समजा तुमचा डाव "अ" आणि "ब" हे दोन पत्ते एकत्र आले तरच चालतो आणि दोन्हींच्या तीन-तीन प्रती डेकमध्ये आहेत. ऐकायला बरं वाटतं ना? पहिल्या हातात दोन्ही येण्याची शक्यता फक्त ९.८ टक्के. दहातल्या नऊ मॅचमध्ये तुम्ही हात चोळत बसणार. नवीन माणूस पहिला कॉम्बो डेक बांधतो तो नेमका असाच, कुठेतरी दोन-तीन पत्त्यांची जबरदस्त जोडी बघतो, वेडा होतो आणि तिच्याभोवती ४० पत्ते रचतो. मीही तसंच केलं होतं, तेही ५२ पत्त्यांचं, कारण एकही पत्ता काढवत नव्हता.

विरजण किती घालायचं

जी माणसं खरंच चांगले कॉम्बो डेक बांधतात ती जोड्या शोधत नाहीत, विरजण शोधतात. पातेलंभर दूध आणि चमचाभर विरजण, सकाळी दही. त्या चमच्याशिवाय दूध कितीही चांगलं असो, दही होणार नाही. या खेळात अशा पत्त्याला स्टार्टर म्हणतात, म्हणजे जो एकटा हातात असला तरी अख्खा डाव सुरू होऊन शेवटपर्यंत जातो.

तर पहिला प्रश्न, स्टार्टर किती ठेवायचे. गणित उलटं करायचं, स्टार्टर न येण्याची शक्यता काढायची आणि शंभरातून वजा करायची. ४० पत्त्यांत १२ स्टार्टर असतील तर २८ बाकीचे. पहिला पत्ता बाकीच्यांतला असण्याची शक्यता २८/४०, दुसरा २७/३९, असं पाच वेळा गुणत जा, उत्तर येतं सुमारे १५ टक्के. म्हणजे ८५ टक्के वेळा हातात किमान एक स्टार्टर. फक्त ३ स्टार्टर असतील तर हाच आकडा ३४, ६ असतील तर ५८, ९ ला ७४ आणि १५ ला ९२. नीट बघा, ३ वरून ६ वर गेलात तर २४ टक्क्यांची उडी आणि १२ वरून १५ वर गेलात तर फक्त ७ ची. म्हणून बहुतेक लोक १२-१५ च्या आसपास थांबतात, पुढे घातलेलं विरजण वाया जातं.

आणि डेक ४० चाच का ठेवायचा तेही यातच आलं. तेच १२ स्टार्टर ६० पत्त्यांच्या डेकमध्ये टाका, शक्यता ६९ टक्क्यांवर येते. पाणी घातलं की ताक पातळ होणारच.

पण एका पत्त्याच्या तीनच प्रती ना, मग १२ कुठून आणायचे?

हाच प्रश्न भाच्याने विचारला आणि इथे खरी गंमत आहे. स्नेक-आय नावाच्या डेकचं उदाहरण घेतो, २०२३ मध्ये आलेला, आणि त्याने पुढचं वर्षभर लोकांना रडवलं.

त्यातला मुख्य पत्ता स्नेक-आय ॲश. हा लेव्हल १ चा, दिसायला किरकोळ. पण मैदानावर आला की डेकमधून लेव्हल १ चा कुठलाही आगीचा मॉन्स्टर हातात घेता येतो. आपण घेतो पॉपलर. पॉपलरची खासियत अशी की तो ओढून न येता दुसऱ्या पत्त्याच्या करामतीने हातात आला तर स्वतःहून मैदानात उडी मारतो, आणि उतरल्यावर डेकमधून स्नेक-आयचा एक स्पेल (मंत्राचा पत्ता) किंवा ट्रॅप (सापळ्याचा पत्ता) हातात देतो. हातातून खर्च झाला एक पत्ता, आणि मैदानावर दोन मॉन्स्टर आणि हातात वर एक पत्ता. पुढे ॲश स्वतःला आणि मैदानावरच्या आणखी एका पत्त्याला ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात पाठवून डेकमधून फ्लॅम्बर्ज ड्रॅगन आणतो, ३००० ताकदीचा. आणि फ्लॅम्बर्जला लिंक मॉन्स्टरसाठी वगैरे खर्च केलं तर तो जाताजाता ग्रेव्हयार्डमधले दोन लेव्हल १ चे आगीवाले परत उठवतो. मेलेले उठले, त्यांचं पुन्हा काहीतरी मोठं झालं, असं चक्र. समोरचा पाच मिनिटं काय करत होता ते आलं लक्षात?

आता १२ चं कोडं. ॲशच्या प्रती ३ च. पण बॉनफायर नावाचा स्पेल डेकमधून ॲश शोधून देतो, ते ३ आले. डायबेलस्टार नावाची चेटकीण आहे, हातातला किंवा मैदानावरचा एक पत्ता फेकून ती उतरते आणि डेकमधून ओरिजिनल सिनफुल स्पॉइल्स नावाचा स्पेल मांडते, तो स्पेल मैदानावरचा एक पत्ता घालवून डेकमधून थेट ॲश उतरवतो. ते आणखी ३. आणि डायबेलस्टारला शोधून देणारा वाँटेड नावाचा स्पेल आहे, तेही ३. झाले १२! चार वेगवेगळे पत्ते, पण चौघांची वाट ॲशच्याच दारात. दादरला जायला वेस्टर्नही आहे आणि सेंट्रलही, तसंच.

आणि एक बारीक गोष्ट जी नवख्यांना दिसत नाही: डायबेलस्टारच्या वाटेने गेलात तर नॉर्मल समन शिल्लक राहतं. पाळीला एकदाच मिळणारी वस्तू न वापरता ॲश मैदानात आला, ही मोठी चैन आहे.

भाकड पत्ते

प्रत्येक कॉम्बोत असे काही पत्ते असतात जे डेकमध्ये असायलाच हवेत पण हातात आले की डोक्याला हात. इंग्रजीत त्यांना ब्रिक म्हणतात, मी भाकड म्हणतो. खेळाडूंच्या बोलीत त्यातल्या एका जातीला गार्नेट हे नाव पडलंय, त्याची गोष्ट मजेशीर आहे. ब्रिलियंट फ्युजन नावाचा स्पेल डेकमधलेच मॉन्स्टर वापरून जेम-नाइट जातीचा फ्युजन मॉन्स्टर करून देतो, त्यासाठी डेकमध्ये एक जेम-नाइट लागायचा, म्हणून लोक जेम-नाइट गार्नेट घालायचे. तो डेकमध्ये असला तर सोनं आणि हातात आला तर १९०० ताकदीचा ठोंब्या, त्याला स्वतःची काही करामतच नाही. तेव्हापासून "डेकमध्येच बरा" अशा कुठल्याही पत्त्याला गार्नेट म्हणायला लागले.

असा एक पत्ता ४० मध्ये ठेवलात तर तो पहिल्याच हातात येण्याची शक्यता १२.५ टक्के, म्हणजे आठातून एकदा. एक चालतो. तीन वेगवेगळे ठेवलेत तर दर तीन मॅचमागे एकदा त्यातला एखादा हातात बसणार. वर फ्लॅम्बर्जबद्दल एवढं कौतुकाने लिहिलं पण तोही लेव्हल ८ चा, हातात आला तर साधासरळ उतरत नाही. तेव्हा कॉम्बोला एक पायरी वाढवायची म्हणून आणखी एक भाकड घालावासा वाटेल तेव्हा स्वतःला विचारा की आठातली एक मॅच त्या पायरीवर ओवाळून टाकायची का. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा नाही.

समोरचा काय नुसता बघत बसणार?

नाही ना. इथेच डेक बांधणारा आणि फक्त कॉम्बो पाठ करणारा यांच्यातला फरक कळतो.

या खेळात समोरच्याच्या पाळीत थेट हातातून टाकता येणारे पत्ते आहेत, त्यांना हँड ट्रॅप म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध ॲश ब्लॉसम. (हो, हीपण ॲशच, गोंधळ होतो, आमच्यात सरळ एकीला ब्लॉसम म्हणतात.) डेकमधून पत्ता शोधणं, डेकमधून मॉन्स्टर उतरवणं असलं काहीही कुणी केलं की ब्लॉसम फेकून ते रद्द करता येतं. स्नेक-आय ॲशने पॉपलर शोधायला हात घातला की ब्लॉसम पडली, संपलं. आणि ॲशची ती करामत पाळीला एकदाच, रद्द झाली तरी वापरली गेली असंच धरतात.

मग काय, तर आता एक्स्टेंडर लागतो, म्हणजे स्टार्टर अडला तरी गाडी पुढे ढकलणारा पत्ता. वरच्याच उदाहरणात हातात डायबेलस्टार असेल तर काय होईल बघा: अडलेल्या ॲशलाच फेकायचा पत्ता म्हणून वापरायचं, डायबेलस्टार उतरवायची, तिने ओरिजिनल मांडायचा आणि त्याने या वेळी ॲशऐवजी पॉपलर उतरवायचा. ज्या पत्त्याला समोरच्याने मारलं त्याचंच तिकीट काढून पुढची गाडी पकडली. मेगाब्लॉक असला तरी माणसं ऑफिसला पोचतातच की, फक्त दुसरी वाट माहीत हवी.

ब्लॉसमपेक्षा वाईट दोघं आहेत. एक निबिरू, २०१९ चा. तुम्ही एका पाळीत पाच किंवा जास्त मॉन्स्टर उतरवलेत की हा उल्का म्हणून कोसळतो, मैदानावरचे सगळे मॉन्स्टर गिळतो आणि तुम्हाला एक टोकन, म्हणजे डेकबाहेरचा नुसता नावाचा मॉन्स्टर, देतो. म्हणून कॉम्बोवाले बोटं मोजत खेळतात, चौथ्या समनपर्यंत निबिरूला रद्द करू शकेल असा एखादा मॉन्स्टर उभा राहावा अशी चालींची क्रमवारी लावतात. चाली त्याच, क्रम बदलला की डेक जगतो. फोडणीत मोहरी आधी की हळद आधी, सामान तेच असतं.

दुसरा मॅक्स सी. म्हणजे झुरळ. हा पडला की त्या पाळीत तुम्ही केलेल्या प्रत्येक स्पेशल समनमागे समोरच्याला एक पत्ता ओढता येतो. रिक्षाचं मीटर चालू झालं असं समजा. पुढे जायचं की इथेच उतरायचं? पंधरा समन केलेत तर त्याच्या हातात पंधरा पत्ते. टीसीजीत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या नियमांत, २०१८ मध्ये यावर बंदी आली, पण ज्या ठिकाणी हा चालतो तिथे कॉम्बो डेकमध्ये "दोन-तीन समनमध्ये थांबलो तर काय हाती लागेल" याचंही उत्तर तयार असावं लागतं.

गंमत म्हणजे हेच हँड ट्रॅप तुम्हीपण ठेवायचे असतात. १२ स्टार्टर आणि १२ हँड ट्रॅप ठेवलेत तर दोन्हींतला किमान एकेक पहिल्या हातात असण्याची शक्यता ७१ टक्के. उरलेल्या १६ जागांत एक्स्टेंडर, भाकड आणि बाकीचा बाजार. जागा किती कमी उरतात बघा, म्हणूनच आवडता पत्ता काढताना लोक रडतात.

मग हा पत्त्यांचा खेळ की पेशन्स?

तक्रार खरी आहे, मी ती फेटाळणार नाही. समोरचा दहा मिनिटं एकटाच खेळतोय आणि आपण पंख्याकडे बघतोय, यात मजा नाही. पण रमीतही बघा, ज्याला तेरा पत्ते वाटतावाटताच दोन सिक्वेन्स लागून आलेत तोही एकटाच खेळत असतो, बाकीचे फक्त पत्ते उचलून टाकत असतात. फरक एवढाच की रमीत तुम्ही कॅटमध्ये काय भरायचं ते ठरवू शकत नाही, इथे ठरवता. निम्मा खेळ वाटण्याआधीच झालेला असतो. आणि तो समोरचा कॉम्बो करत असताना तुमच्या हातात एक ब्लॉसम असेल, तर ती नेमकी कुठल्या पायरीवर टाकायची हा प्रश्न पंख्याकडे बघू देत नाही. लवकर टाकली तर त्याच्याकडे दुसरी वाट असते, उशिरा टाकली तर मैदान भरलेलं असतं.

पैसेवाल्यांचंच काम ना हे?

खऱ्या पत्त्यांत बऱ्यापैकी हो, खोटं कशाला बोला. बॉनफायर टीसीजीत आला तेव्हा त्याची किंमत ऐकून मी दुकानाचं पान बंदच केलं होतं. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना मिळायचे ते पत्ते नकली होते, त्यावर स्पर्धा खेळता येत नाही, पण घरी सराव करायला ते काय आणि जुन्या वहीच्या कागदावर नावं लिहून कापलेले तुकडे काय, सारखेच. मास्टर ड्युएलमध्ये पैसे न टाकताही होतं, फक्त धीर धरा: सगळ्यात दुर्मिळ श्रेणीतला एक पत्ता बनवायला ३० पॉइंट लागतात आणि त्याच श्रेणीतला एक साधा पत्ता मोडला तर १० मिळतात. तिनाला एक. म्हणून आधी कागदावर डेक चालवून बघा आणि मगच मोडतोड करा, भाच्याने उत्साहात ब्लू-आयज मोडले आणि आता हळहळतोय.

बांधायला बसताना

शेवटचं चित्र आधी ठरवा: पाळी संपताना मैदानावर काय असायला हवं? तिथून मागे या, तो मॉन्स्टर कशाने येतो, त्याला काय लागतं, असं करत करत एका पत्त्यापर्यंत. त्या पत्त्याकडे येणारे रस्ते मोजा, ८-९ च निघाले तर चित्र कितीही देखणं असो, सोडून द्या. मग डेक पिसा, पाच पत्ते काढा, वहीत लिहा की चालला, अडखळला की मेला. असे वीस हात. नंतर तेच हात पुन्हा, पण या वेळी पहिली महत्त्वाची चाल रद्द झाली असं धरून. पहिल्या वीसांत सोळा-सतरा चालले आणि दुसऱ्या वीसांत दोनच, तर तुमच्याकडे कॉम्बो आहे, डेक अजून नाही. एखादी झगमगीत पायरी काढा आणि तिथे एक्स्टेंडर घाला.

भाच्याने मागच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर हे सगळं कागदाच्या चिठ्ठ्यांवर केलं, तेराव्या हातापर्यंत आला आणि म्हणाला मामा, तो ड्रॅगन सारखा माझ्याच हातात येतोय, याच्या दोन प्रती कशाला ठेवल्यात तू? म्हटलं, काढ एक.

हां, आणि काहीही बनवण्याआधी चालू बॅनलिस्ट बघा. कुठला पत्ता बंद, कुठला एकच, कुठले दोन ठेवता येतात याची यादी कोनामी बदलत असते, जपानची वेगळी, टीसीजीची वेगळी, मास्टर ड्युएलची तिसरीच. वरच्या स्नेक-आयच्या पत्त्यांवरही वेळोवेळी मर्यादा आल्यात, तेव्हा तीन-तीनचा हिशोब समजून घ्यायला वापरा, तसाच्या तसा उतरवू नका.